नोंद आणि तिचा शेरा



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आपल्या आयुष्याचा उत्तम काळ जुन्या दप्तरांतील रुमाल सोडण्यात आणि ते पुन्हा जसेच्या तसे बांधून ठेवण्यात वेचला. कोणताही कागद हाती आला की त्यातील मजकुराकडे वळण्यापूर्वी तो कोणी, कोठे, कोणत्या मितीस आणि कोणाच्या हुकुमावरून लिहिला याचा छडा लावावा, तो अस्सल आहे की नक्कल आहे हे ठरवावे, आणि दुसऱ्या एखाद्या कागदाशी त्याची रुजुवात झाल्याखेरीज त्यावर इतिहासाची इमारत उभारू नये, असा त्यांचा दंडक होता. तोच दंडक आज एका निराळ्या दप्तरास लावून पाहावा, अशा हेतूने मी हा विषय निवडला आहे. हे दप्तर हवेचे आहे, पावसाचे आहे, नदीच्या पाण्याचे आणि तापमानाचे आहे. ते रुमालांत नसून संगणकीय डेटाबेसमध्ये आहे. आणि त्यात प्रवेश करण्यास कारकुनाची मनधरणी करावी लागत नाही, चार ओळींचा प्रोग्राम पुरतो. प्रवेश इतका सुलभ झाला ही आनंदाची गोष्ट होय. परंतु आकडा हाती येणे आणि तो वाचता येणे या दोहोंत जे अंतर आहे ते या सुलभतेने कमी झालेले नाही, किंबहुना ते दिसेनासे झाल्यामुळे अधिक घातक झाले आहे, असे माझे मत आहे आणि आजचे माझे सर्व प्रतिपादन त्याभोवती आहे.

आपल्या देशात हे दप्तर पद्धतशीरपणे मांडण्यास १८७५ साली भारतीय हवामान खात्याच्या स्थापनेपासून प्रारंभ झाला. हेन्री ब्लॅनफर्ड हे खात्याचे पहिले प्रमुख. त्यांच्या आधीही निरनिराळ्या इलाख्यांत पाऊस मोजला जात होता; पण मोजण्याचे भांडे, त्याची उंची, मोजणीची वेळ आणि नोंदीचा नमुना यांत एकवाक्यता नव्हती, आणि एकवाक्यतेवाचून केलेली बेरीज ही बेरीजच नव्हे. पुढे १९०४ ते १९२४ या काळात गिल्बर्ट वॉकर यांनी खात्याची धुरा वाहिली. केंब्रिजचा सीनियर रँग्लर हा जो मान रघुनाथराव परांजपे यांच्यामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला, तोच मान त्यांच्या दहा वर्षे अगोदर, १८८९ साली, वॉकर यांना मिळाला होता. मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी जगभरच्या केंद्रांचे वायुभार, तापमान आणि पर्जन्य यांचे आकडे एकत्र केले, भारतीय गणकांच्या हातून ते हजारोंनी परस्परांशी ताडून घेतले, आणि त्यातून प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभाराचा तो प्रचंड हेलकावा उघड झाला ज्यास आपण आज दक्षिणी आंदोलन म्हणतो. ना संगणक, ना तारेवाचून चालणारे जाळे. तरी डेटाबेसशी जोडून घेऊन विश्लेषण करणे याचा अर्थ त्या गणकांना पुरेपूर ठाऊक होता, कारण प्रत्येक आकडा त्यांनी स्वहस्ते उतरविला होता आणि उतरविताना त्याच्या शेजारचा शेराही त्यांच्या नजरेखालून गेला होता.

१९२८ साली खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकर अद्याप सिमला ऑफिस म्हणूनच ओळखतात, आणि हवामानाच्या राष्ट्रीय नोंदींचे भांडार आजही पुण्यातच आहे. याच पुण्यात १९४८ साली ॲना मणी उपकरणविभागात रुजू झाल्या. हवामानाची जवळजवळ शंभर उपकरणे देशातच तयार व्हावीत म्हणून त्यांनी त्यांचे आराखडे प्रमाणित केले आणि एका ठिकाणच्या उपकरणाचे वाचन दुसऱ्या ठिकाणच्या वाचनाशी तंतोतंत जुळावे यासाठी अतिशय कसोशीने परिश्रम घेतले. पुढील पिढ्यांनी काढलेल्या कोणत्याही सरासरीच्या पायाशी हे अनामिक कष्ट आहेत. ते पृष्ठभागी दिसत नाहीत. म्हणून येथे त्यांचा उच्चार आवर्जून केला.

परंतु दप्तराची खरी शिस्त काय असते याचा सर्वांत सुंदर दाखला मुंबईपासून अलिबागपर्यंतच्या समुद्रकिनाऱ्यावर आहे, आणि तेथे थोडे थांबावे असे मला वाटते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्यास वेधशाळा स्थापन केली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. निरीक्षक तासातासाला काट्याचे वाचन घेत. काटा अस्वस्थ झाला की तास न पाहता काही मिनिटांच्या अंतराने घेत. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरील प्रचंड स्फोटानंतर पृथ्वीभोवती चुंबकीय वादळ उठले, आणि त्या वादळात कुलाब्याचा काटा किती खाली गेला हे त्या निरीक्षकांनी निष्ठेने लिहून ठेवले. तो उतार सुमारे १६०० नॅनोटेस्ला होता. हा आकडा अविश्वसनीय वाटावा असाच होता. तरी तो कोणी खोडला नाही, ‘सुधारला’ नाही. म्हणूनच २००३ साली त्सुरुतानी, लखिना आणि त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ त्या जुन्या नोंदींकडे वळले तेव्हा, जवळजवळ दीडशे वर्षांनंतर, त्या वादळाच्या तीव्रतेचे मोल त्यांना ठरविता आले.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेचा प्रवाह जवळून खेळू लागला की चुंबकीय काट्याचे वाचन भ्रष्ट होणार हे उघड होते, म्हणून खाडीपलीकडे अलिबागेस, बांधकामात लोखंडाचा संपर्क टाळून, नवी वेधशाळा १९०४ साली उभारण्यात आली; आणि ट्रामगाड्या १९०७ साली प्रत्यक्ष धावू लागण्यापूर्वी, १९०४ ते १९०६ या काळात, कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. हा दुहेरी खर्च कोणाही हिशेबनिसास अनाठायी वाटला असता. परंतु त्या दोन वर्षांच्या समांतर नोंदींमुळेच कुलाब्याची मालिका अलिबागच्या मालिकेस जोडता आली, आणि जागा बदलल्याने पडलेला फरक कोणता व पृथ्वीच्या चुंबकत्वात झालेला फरक कोणता हे निवडता आले. आज एखादे हवामापन केंद्र नव्या उड्डाणपुलाखालून उचलून उद्यानात नेले जाते, डेटाबेसमध्ये त्याचे नाव तेच राहते, आणि वर्षअखेर त्या भागातील हवा सुधारली असा आलेख निघतो, तेव्हा मला अलिबागची आठवण येते.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळतो, कारण तपशिलावाचून तत्त्व पोकळ राहते. हवामान खात्याने देशाच्या दैनंदिन पर्जन्याचा जो चौकटीबंद संच १९०१ पासूनचा म्हणून उपलब्ध करून दिला आहे, तो कोणाही विद्यार्थ्यास घेता येतो. दर वर्षाची एक फाइल. देशावर पाव अंशाच्या अंतराने रेखांशांत १३५ आणि अक्षांशांत १२९ बिंदू कल्पिलेले, म्हणजे रोजचे १७,४१५ आकडे. प्रत्येक आकड्यास चार बाइट. फाइलच्या माथ्यावर शीर्षक नाही, तारखा नाहीत, गावांची नावे नाहीत. पहिला आकडा साडेसहा अंश उत्तर व साडेसहासष्ट अंश पूर्व या बिंदूचा, दुसरा त्याच्या पाव अंश पूर्वेचा, आणि याप्रमाणे क्रमाने साडेअडतीस अंश उत्तर व शंभर अंश पूर्वेपर्यंत, ही किल्ली फाइलच्या बाहेर, सोबतच्या टिपणात आहे. ते टिपण हरवले तर उरते ती निरर्थक अंकांची रास. मात्र ते जवळ असले तर रुजुवातीचे एक सुरेख साधनही आपोआप मिळते : ३६५ दिवसांच्या वर्षाची फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइटांची भरली पाहिजे. एक बाइट कमी असला तरी फाइल अर्धवट उतरली असे समजावे आणि पुढचे पाऊल टाकू नये. विश्लेषण करणाऱ्याने पहिल्या दिवशी लावून घ्यावी अशी ही सवय आहे, आणि तिच्या जोडीला दुसरी : उतरवून घेतलेली मूळ प्रत बाजूला, हात न लावता ठेवावी, आणि सर्व दुरुस्त्या नकलेवर कराव्यात. अस्सलावर शाई चालविणाऱ्याला जुन्या दप्तरात कोणी पाऊल ठेवू दिले नसते.

हा संच ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून तयार केलेला आहे, आणि त्या सर्व केंद्रांचा काळ सारखा नाही. काही जुनी बंद पडली, काही मागाहून सुरू झाली. म्हणून एखाद्या डोंगराळ तालुक्याच्या चौकटीत पाऊस वाढलेला दिसला तर पाऊस वाढला की घाटमाथ्यावर नवे केंद्र आले, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

रिकाम्या जागांची गोष्ट याहून नाजूक आहे. ज्या दिवशी नोंद झाली नाही, किंवा जो बिंदू समुद्रात पडतो, तेथे पर्जन्याच्या फाइलमध्ये उणे ९९९ असा संकेतांक असतो. हा अनवधानाने बेरजेत गेला तर महिन्याचा पाऊस बहुधा उणे येतो आणि चूक तत्काळ ध्यानात येते. परंतु तापमानाच्या संचात रिकाम्या जागेचा संकेतांक ९९.९ हा आहे. समजा, तीस दिवसांच्या महिन्यात सत्तावीस दिवस कमाल तापमान ३३ अंश होते आणि तीन दिवसांची नोंद नाही. संकेतांक न गाळता सरासरी काढली तर ती ३९.७ अंश येते. ३९.७ अंश हे विदर्भातील एप्रिलचे अगदी साधे, विश्वासार्ह भासणारे तापमान आहे. कोणी भुवई उंचावणार नाही. तो आकडा अहवालात जाईल, अहवालातून भाषणात जाईल, भाषणातून धोरणात जाईल. अशक्य दिसणारी चूक पकडली जाते. संभाव्य दिसणारी चूक प्रतिष्ठित होऊन बसते.

मितीचा प्रश्नही असाच. २६ जुलै २००५ ही तारीख मुंबईकरांच्या स्मृतीत कायमची कोरलेली आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या अहोरात्रात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. परंतु आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजून मागील चोवीस तासांचा म्हणून त्या सकाळच्या तारखेस लिहिण्याचा प्रघात आहे; त्यामुळे दप्तरात तो महाभयंकर आकडा २७ जुलैच्या रकान्यात आहे. जो अभ्यासक रुग्णालयातील नोंदी, रेल्वेगाड्या बंद पडल्याच्या वेळा किंवा मिठी नदीच्या पुराची हकीकत २६ तारखेस लावून पावसाच्या २६ तारखेच्या रकान्याशी ताडून पाहील, त्याला आपत्ती आधी आली आणि पाऊस मागाहून पडला असे दिसेल. शिवाय त्याच चोवीस तासांत कुलाब्यास पडलेला पाऊस ७३ मिलिमीटरच्या आसपास होता. सांताक्रूझ आणि कुलाबा यांतील अंतर जेमतेम पाव अंशाच्या एका चौकटीएवढे. मुंबईचा पाऊस म्हणून यांपैकी कोणता आकडा घ्यावयाचा? दोहोंची सरासरी काढली तर जो आकडा येतो तेवढा पाऊस यांपैकी कोणत्याही ठिकाणी पडलेला नव्हता. स्थळाचे नाव सोडून आकडा उचलला की असे होते.

हवेच्या गुणवत्तेच्या नोंदींत हीच दुखणी नव्या रूपाने भेटतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे, केंद्रीय मंडळ १९७४ चे. राष्ट्रीय हवामापनाचे जाळे १९८४ साली आग्रा आणि अनपारा येथील सात केंद्रांनी सुरू झाले. हाताने चालविल्या जाणाऱ्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, वर्षाकाठी १०४ वेळा, चोवीस तासांचे नमुने घेण्याचा नियम आहे. स्वयंचलित केंद्रे अहोरात्र मोजत राहतात. एकीकडे वर्षाचे शंभरेक दिवस आणि दुसरीकडे सबंध वर्ष, असे दोन प्रकारचे आकडे एकाच आलेखात शेजारी बसविण्यापूर्वी थबकले पाहिजे. तसेच २०१५ पासून सर्वत्र झळकणारा हवा-गुणवत्ता निर्देशांक हा मोजलेला आकडा नव्हे. निदान तीन प्रदूषकांची, त्यांतही सूक्ष्म कणांची, आणि निदान सोळा तासांची नोंद असेल तर त्यांतील सर्वांत वाईट उपनिर्देशांक निवडून तो काढतात. तो नागरिकास इशारा देण्यासाठी उत्तम आहे. पण त्याच्या सरासरीवरून वर्षाचा ताळेबंद मांडणे गैर आहे. ताळेबंद मूळ मापांवरच मांडावा.

वेळेचा घोटाळा तर पदोपदी होतो. अनेक आंतरराष्ट्रीय भांडारे वेळ ग्रिनिचच्या मानाने ठेवतात आणि आपली वेळ तिच्याहून साडेपाच तासांनी पुढे. दिवाळीच्या रात्री दहा ते बारा या वेळेत फटाक्यांच्या धुराने कणांचे प्रमाण शिगेस पोचलेले असते. ग्रिनिचची वेळ भारतीय समजून वाचणाऱ्यास ते सायंकाळी साडेचार ते साडेसहा या वेळेत दिसेल, आणि तो निष्पाप मनाने त्याचा दोष परतीच्या वाहतुकीवर ठेवील. आणखी एक : कणमापक यंत्रे अतिशय स्वच्छ हवेत, यंत्राच्या स्वाभाविक चढउतारामुळे, कधी कधी किंचित उणे आकडा देतात. उणे प्रमाण अशक्य म्हणून असे आकडे सरसकट गाळले, आणि त्याच चढउताराने किंचित अधिक आलेले मात्र ठेवले, तर स्वच्छ हवेची सरासरी विनाकारण फुगते. गाळणाराचा हेतू शुद्ध असतो, त्याने फक्त नियम लावलेला असतो. तरी निष्कर्ष झुकतो.

असा नियम किती दूरवर पोचतो हे ओझोनच्या प्रकरणाने जगास शिकविले. अंटार्क्टिकावरील हॅली बे या ब्रिटिश तळावर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एका साध्या, जुन्या घडणीच्या डॉब्सन उपकरणाने माथ्यावरील ओझोन मोजला जात होता. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी त्या नोंदींवरून मे १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की दर वसंतऋतूत तेथील ओझोन भयावह रीतीने खाली जात आहे. त्याच काळात निंबस-७ हा उपग्रह १९७८ पासून सबंध पृथ्वीवरचा ओझोन मोजीत होता. त्याला हे दिसले नव्हते काय? दिसले होते. पण १८० डॉब्सन एककांच्या खालचे वाचन संशयित समजून त्यावर खूण करावी, असा नियम त्याच्या आकडेमोडीत घातलेला होता, कारण तोवर एवढा कमी ओझोन कोणी पाहिलाच नव्हता. यंत्राने ते आकडे फेकून दिले अशी जी आख्यायिका रूढ झाली ती खरी नाही. ते खूण करून बाजूला ठेवलेले होते, जपलेले होते, आणि म्हणूनच ते पुन्हा तपासता आले व ओझोनचे विवर एका तळापुरते नसून सबंध खंडावर पसरले आहे हे सिद्ध झाले. दोनच वर्षांत, १९८७ साली, ओझोनच्या रक्षणासाठी माँट्रियलचा करार झाला. या प्रकरणातील दोन्ही बाजू मला सारख्याच मोलाच्या वाटतात : संशयाचा शेरा मारण्याचा नियम मानवी अनुभवाच्या मर्यादेत जखडलेला होता, हे खरे, परंतु शेरा मारूनही मूळ आकडा नष्ट न करण्याची शिस्त त्या दप्तराने पाळली होती, आणि अखेर तीच कामास आली.

आता जे मागावयाचे ते स्पष्ट शब्दांत मागतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक कार्यालयांवर आपली दप्तरे सूचीबद्ध करून संगणकावर आणण्याचे आणि माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य घातलेले आहे. त्या कर्तव्याचा अर्थ केवळ आकडे खुले करणे एवढाच लावला जाऊ नये. प्रत्येक मापन केंद्राची हकीकत आकड्यांच्या सोबतच, त्याच जोडणीतून, यंत्रास वाचता येईल अशा रूपात मिळाली पाहिजे : केंद्र कोणत्या तारखेस बसविले, केव्हा हलविले, यंत्र केव्हा बदलले, त्याचे प्रमाणीकरण शेवटी केव्हा झाले, कोणते आकडे मागाहून दुरुस्त केले आणि दुरुस्तीपूर्वी ते काय होते. नोंद नाही तेथे ती का नाही हेही लिहिलेले असावे. वीज गेली होती, यंत्र नादुरुस्त होते, की कंत्राट संपले होते. ज्या वस्तीत नागरिक दमा आणि खोकल्याने बेजार आहेत तेथील केंद्र ऐन हिवाळ्यात महिनाभर मुके राहिले, तर त्या मौनाचे कारण जाणण्याचा त्यांना पुरा अधिकार आहे.

आणि शेवटची विनंती आपल्या महाविद्यालयांना. तालुक्यांच्या कचेऱ्यांत, पाटबंधारे खात्याच्या जुन्या विश्रामगृहांत, साखर कारखान्यांत आणि कृषी संशोधन केंद्रांत पावसाच्या हस्तलिखित नोंदवह्या अजून पडून आहेत. त्या कसरीच्या तोंडी जाण्यापूर्वी त्यांच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. मग दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचे न पाहता तेच पान संगणकावर उतरवावे, जेथे दोघांत फरक पडेल तेथे तिसऱ्याने छायाचित्र पाहून निवाडा द्यावा, आणि डेटाबेसमधील प्रत्येक आकड्यास त्याच्या पानाचा दुवा कायमचा जोडून द्यावा. पानाच्या उजव्या कडेचा शेऱ्याचा रकाना, त्यात मोडीत किंवा घाईच्या अक्षरांत काहीही असो, पूर्णपणे उतरवावा. भूगोल, इतिहास आणि संगणकशास्त्र या तिन्ही विभागांनी मिळून हे काम एका तालुक्यापासून या उन्हाळ्यातच हाती घ्यावे, आणि पहिली वही ज्या कचेरीतून मिळेल त्या कचेरीस तिची तयार झालेली संगणकीय प्रत सर्वांआधी द्यावी.